दाढेसाठी सोनं: मिश्रधातू, ओतकाम, कडा आणि बिघडणारी कामं

कडापारखी

दातांच्या कामात सोन्याचा विषय निघाला की बोलणं रंगावर आणि किमतीवरच थांबतं. सोन्याचं खरं मोल त्याच्या कडेत आहे, म्हणजे धातू संपून दात सुरू होतो त्या रेषेत. ओतीव सोन्याची कड पातळ घासता येते, आणि सिमेंट घट्ट होण्याआधी बर्निशरने (घोटायच्या गुळगुळीत अवजाराने) दाबून दाताशी भिडवता येते. सिरॅमिकची कड तेवढी पातळ केली की तिचे टवके उडतात. कॅपखालचा दात किडतो तो बहुतेकदा कडेपासूनच. म्हणून मागच्या दाढांसाठी, विशेषतः जिथे उंची कमी आणि चावण्याचा जोर जास्त असतो तिथे, सोनं आजही विचारात घ्यायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात मिश्रधातूंपासून करतो. शुद्ध सोनं ओतकामासाठी फार मऊ. जुन्या वर्गीकरणात चार प्रकार आहेत. टाइप १ मध्ये साधारण ८३ टक्के सोनं, १० टक्के चांदी, ६ टक्के तांबं. जोर न येणाऱ्या छोट्या इनलेसाठी (दाताच्या खड्ड्यात बसवायचा ओतीव तुकडा) हा. टाइप २ मध्ये सोनं ७७ टक्क्यांच्या आसपास, नेहमीच्या इनले आणि ऑनलेसाठी (दाताचे उंचवटेही झाकणारी इनले). टाइप ३ मध्ये ७५ टक्के सोनं, ११ चांदी, ९ तांबं, ३.५ पॅलेडियम (प्लॅटिनमच्या गटातला धातू). पूर्ण कॅप आणि छोटा ब्रिज (गेलेल्या दाताची जागा भरणाऱ्या जोडलेल्या कॅपा) यासाठी हाच. टाइप ४ मध्ये सोनं ५६ टक्क्यांपर्यंत उतरतं, चांदी २५ आणि तांबं १४ पर्यंत चढतं. लांब ब्रिज आणि काढता-घालता येणाऱ्या कवळीचा सांगाडा ही त्याची कामं.

आताचं आयएसओ २२६७४ हे मानक मात्र घटक पाहत नाही, ताकद पाहतं. किमान प्रूफ स्ट्रेंग्थ (कायमचा वाकायला लागेपर्यंत धातू पेलतो तो ताण) टाइप १ साठी ८० मेगापास्कल, पुढे १८०, २७०, ३६० आणि टाइप ५ साठी ५००. त्यामुळे पाकिटावर नुसतं ‘टाइप ३’ दिसलं म्हणून आत ७५ टक्के सोनं आहे असं समजू नका. घटकांची यादी वाचा.

मेणाचा_साचा

एक मूलभूत शंका. टाइप ४ सगळ्यांत मजबूत असेल तर प्रत्येक कॅप त्यातच का ओतत नाहीत?

कडापारखी

कारण त्याची कड दबत नाही. टाइप १ चा कठीणपणा व्हिकर्स मोजणीवर ५० ते ९०, टाइप ३ चा १२० ते १५०, आणि टाइप ४ कडक केल्यावर २०० च्या वर जातो. तेवढी कठीण कड बर्निशरखाली सरकतच नाही. उलट टाइप १ ची कॅप केली तर चावताना ती दबून पसरेल आणि काही काळाने भोक पडेल. इनलेला चहूबाजूंनी दाताचा आधार असतो, म्हणून तिथे मऊपणा चालतो. कॅपला तो आधार नसतो.

दुसरं कारण काळं पडण्याचं. वजनाची टक्केवारी इथे फसवते, कारण सोन्याचा अणू जड असतो. वरच्या टाइप ४ मध्ये वजनाने ५६ टक्के सोनं असलं तरी अणू मोजले तर सोन्याचे जेमतेम ३६ टक्के भरतात आणि तांब्याचे २८. टाइप ३ मध्ये सोन्याचे ५६-५७ टक्के भरतात. अणूंच्या हिशोबात उदात्त धातू (सोनं, प्लॅटिनम, पॅलेडियम) निम्म्याच्या खाली गेले की तोंडातल्या गंधकामुळे चांदी आणि तांबं काळवंडायला लागतं. पॅलेडियम तीन-चार टक्के असलं तरी चांदीचं काळं पडणं बरंच आवरतं, म्हणून तेवढ्याशा धातूला एवढं महत्त्व.

बाकीचे घटक थोडक्यात. तांबं ताकद आणि लाली देतं. चांदी ती लाली मारते. जस्त अर्धा-एक टक्का असतं, ते वितळताना ऑक्सिजन स्वतःकडे ओढून घेतं. इरिडियम जेमतेम ०.००५ टक्के घालतात, पण त्याने धातूचे कण बारीक राहतात आणि ताकद व लवचीकपणा दोन्ही वाढतात.

दंतशिल्प

दाताच्या तयारीबद्दल लिहिते, कारण ओतकाम कितीही चांगलं झालं तरी इथली चूक भरून निघत नाही.

पूर्ण सोन्याच्या कॅपसाठी ज्या कस्पवर (दाढेच्या उंचवट्यावर) चावण्याचा भार येतो तिथे १.५ मिमी आणि दुसऱ्या कस्पवर १ मिमी जागा लागते. खालच्या दाढेत भार गालाकडच्या कस्पवर येतो, वरच्या दाढेत टाळूकडच्या. कडेला अर्ध्या मिमीच्या आसपास चॅम्फर (गोलसर उतरती पायरी) पुरतो. चिनीमाती चढवलेल्या धातूच्या कॅपला चावण्याच्या पृष्ठभागावर दोन मिमीपर्यंत आणि बाजूला सव्वा-दीड मिमी दात घासावा लागतो. आखूड दाढेवर हा फरक फार मोठा आहे. वाचलेला दात म्हणजेच कॅपची पकड.

तासलेल्या दाताच्या समोरासमोरच्या भिंतींचा एकूण उतार सहा अंशांच्या जवळ ठेवायचा. प्रत्यक्षात तो सहज वाढतो. दात आखूड आणि उतार जास्त झाला असेल तर बाजूंना खाचा कराव्यात, पकडीसाठी जाड सिमेंटवर विसंबू नये. भार येणाऱ्या कस्पच्या बाहेरच्या अंगाला ४५ अंशांचा रुंद उतार हमखास विसरला जातो. तो नसला की दोनपैकी एक होतं: तिथे धातू पातळ होऊन झिजतो, किंवा तंत्रज्ञ जाडी राखायला कॅप फुगवतो आणि ती चावताना आधी लागते.

इनलेमध्ये प्रत्येक भिंत बाहेर २ ते ५ अंश उघडी हवी. कडेला असा तिरका काप द्यायचा की तिथल्या धातूचा कोन ३० ते ४० अंश राहील. ३० च्या खाली गेला तर कड कागदासारखी होते, मेणातच तुटते किंवा पुढे वाकते. ५० च्या वर गेला तर ती जाड राहते आणि बर्निशरला दाद देत नाही.

ओतारी

प्रयोगशाळेतली बाजू मी मांडतो. मेणात कॅप घडवायची, ती इन्व्हेस्टमेंटमध्ये (साच्याच्या उष्णता सोसणाऱ्या मिश्रणात) पुरायची, मेण जाळायचं आणि उरलेल्या पोकळीत सोनं ओतायचं, असा क्रम. वितळलेलं सोनं गोठून थंड होताना साधारण १.४ टक्के आकसतं. दहा मिमीच्या दाढेवर हे १४० मायक्रॉन झाले. सिमेंटच्या थराला जागा पाहिजे २५ ते ४० मायक्रॉन. म्हणजे साचा आधीच तेवढा मोठा करून ठेवला नाही तर कॅप अर्ध्यावर अडकणार. सगळं ओतकाम या एका हिशोबाभोवती फिरतं.

जिप्समच्या इन्व्हेस्टमेंटमध्ये ६०-६५ टक्के सिलिका (क्वार्ट्झ किंवा क्रिस्टोबलाइट) आणि ३०-३५ टक्के हेमिहायड्रेट (भाजलेलं जिप्सम) असतं. घट्ट होताना ती थोडी फुगते, तापताना बरीच फुगते. क्रिस्टोबलाइट २०० ते २७० अंशांमध्ये रूप बदलतो, क्वार्ट्झ ५७३ अंशांना. या टप्प्यांवर घाईने तापवलं तर साच्याला चिरा पडतात. पाणी मोजूनच घाला. पाणी जास्त झालं की फुगणं कमी होतं आणि कॅप घट्ट येते. कमी झालं की कॅप सैल येते. अंदाजाने पाणी घालणाऱ्याच्या दोन कॅपा कधीच सारख्या बसत नाहीत.

मेणाचा साचा, म्हणजे मेणात घडवलेली कॅप, डायवर (दाताच्या प्रतिकृतीवर) तयार झाला की तो टेबलावर ठेवून जेवायला जाऊ नका. मेणात दबलेला ताण सुटतो आणि कड उघडते. कडेजवळचा मिमीभर भाग शेवटी पुन्हा वितळवून बसवायचा आणि लगेच इन्व्हेस्ट करायचं.

स्प्रू (धातूला आत जायची वाट करणारी काडी) दाढेला २.५ मिमी, उपदाढेला २ मिमी. तो जाड भागावर, भार न येणाऱ्या कस्पवर, ४५ अंशांच्या तिरकसपणाने लावा, जोडाजवळ किंचित पसरट. मेणाचं टोक आणि रिंगचं (इन्व्हेस्टमेंट भरायच्या नळकांड्याचं) टोक यांत ६ मिमी अंतर ठेवा. अंतर कमी असेल तर वितळलेला धातू इन्व्हेस्टमेंट फोडून बाहेर येतो, जास्त असेल तर साच्यातली हवा बाहेर पडत नाही. रिंगच्या आतलं अस्तर टोकापासून ३ मिमी आखूड ठेवलं की इन्व्हेस्टमेंट जागची हलत नाही.

किमान एक तास घट्ट होऊ द्या. मग भट्टीत स्प्रूचं तोंड खाली करून ठेवा म्हणजे मेण गळून जाईल. सावकाश ६५० अंशांपर्यंत न्या आणि अर्धा ते एक तास तिथेच ठेवा. ७०० ओलांडू नका. त्याच्या वर मेणाच्या उरलेल्या कार्बनमुळे जिप्सम विघटतं, गंधकाचे वायू सुटतात, सोनं काळं आणि ठिसूळ येतं. असं काळं आलेलं काम पिकलमध्ये (साफ करायच्या आम्लात) कितीही ठेवलं तरी साफ होत नाही.

मेणाचा_साचा

धातू किती घ्यायचा हे नेमकं कसं ठरवायचं? आणि तो वितळून तयार झाला हे डोळ्यांनी कसं ओळखायचं?

ओतारी

मेण आणि स्प्रू एकत्र वजन करा आणि मिश्रधातूच्या घनतेने गुणा. मेणाची घनता एकच्या जवळ असल्याने हा सोपा हिशोब पुरतो. टाइप ३ ची घनता १५.५ धरली आणि मेण ०.२ ग्रॅम भरलं तर ३.१ ग्रॅम, वर बटणासाठी (स्प्रूच्या टोकाशी उरणारा जास्तीचा गोळा) दीड-दोन ग्रॅम. मोजायची सोय नसेल तर उपदाढेला ३ ग्रॅम, दाढेला ४.७ ग्रॅम, पाँटिकला (ब्रिजमधल्या खोट्या दाताला) ६.२ ग्रॅम हा जुना ठोकताळा चालतो. बटण राहिलंच पाहिजे. त्याच्या वजनाचा दाब आणि त्याच्यातला वितळलेला साठा, दोन्ही लागतात.

ज्योत नीट पाहा. नळीपाशी गडद भाग, पुढे हिरवट, त्याच्या पुढे फिकट निळा, सगळ्यात बाहेर ऑक्सिडायझिंग भाग. धातू फिकट निळ्या भागातच धरायचा, तोच सगळ्यात गरम आणि तोच ऑक्साइड होऊ देत नाही. बरोबर जागी असेल तर धातूचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो, चुकलं की त्यावर मळकट साय धरते. मुशीत आधी थोडी सवागी (बोरॅक्स) टाका. धातू आधी स्पंजासारखा होतो, मग गोळ्या, मग एकच गोळा. तो फिकट नारिंगी होऊन ज्योत हलवली की तिच्यामागे सरकायला लागला की तयार. द्रवणबिंदूच्या वर ४० ते ६५ अंश एवढंच. याहून जास्त तापवलं तर जस्त उडून जातं आणि धातू वायू शोषतो.

रिंग भट्टीतून काढली की मिनिटाच्या आत ओता, नाहीतर साचा आकसायला लागतो आणि जमवलेलं फुगणं वाया जातं. सेंट्रिफ्यूजच्या (फिरवून धातू साच्यात फेकणाऱ्या यंत्राच्या) कमानीला तीन वेढे पुरतात, सोनं जड असतं.

दंतशिल्प

बटणाचं सोनं पुन्हा वापरण्याबद्दलही लिहा. इथेच सर्वाधिक निष्काळजीपणा दिसतो.

ओतारी

एकदा ओतलेल्या बटणात किमान निम्मा नवा धातू मिसळायचा, कारण दर वेळी जस्त जळतं. दोन वेगळ्या ब्रँडची बटणं एकत्र वितळवू नका. प्रत्येक मिश्रधातूला वेगळी मूस ठेवा. निकेल-क्रोम वितळवलेल्या मुशीत सोनं वितळवणं म्हणजे महागडी रचना हाताने बिघडवणं आहे.

सुरकांड

ओतलेल्या कॅपमध्ये स्प्रूच्या जोडाशी आतल्या बाजूला खड्डा येतो. पॉलिश केल्यावर अजून मोठा दिसतो. धातू पुरेसा असतो, बटणही राहतं. कारण काय असेल?

ओतारी

जागा सांगितलीत हे बरं झालं, खड्डा कुठे आहे यावरूनच कारण कळतं. आत येणारा धातू समोरच्या भिंतीवर आपटतो, ती जागा सगळ्यात गरम राहते आणि शेवटी गोठते. तोवर स्प्रू गोठलेला असतो, भर घालायला वितळलेला धातू उरत नाही, मग गोठणारा धातू आतून ओढला जातो. तीन गोष्टी करा: स्प्रू जोडापाशी पसरट करा, काटकोनात न लावता ४५ अंशांत लावा, आणि धातू गरजेपेक्षा जास्त तापवू नका. स्प्रू बारीक असेल तर जाड घ्या किंवा त्यावर साठ्याचा मणी द्या.

हेच खड्डे सगळीकडे सुईच्या टोकाएवढे गोल असतील तर धातूने वायू शोषलाय. कडा गोलसर आणि चकचकीत आल्या असतील तर मेण पूर्ण जळलं नाही. गोलसर पण निस्तेज असतील तर धातू किंवा साचा थंड होता. आतल्या बाजूला छोटे मणी आले तर इन्व्हेस्ट करताना मेणावर हवेचे बुडबुडे राहिले. ते भिंगाखाली शोधून बारीक गोल बरने (घासायच्या फिरत्या टोकाने) काढा. एक मणी राहिला तरी कॅप खाली बसत नाही आणि बळजबरीने बसवली तर डाय घासली जाते. पंखासारखे पातळ पापुद्रे दिसले तर साच्याला चीर होती.

पिकल करताना स्टीलचा चिमटा आम्लात बुडवू नका. द्रावणातलं तांबं कॅपवर बसतं. तांबडी तापलेली कॅप आम्लात टाकणंही घातक: आम्ल उडतं, आणि एवढं तापवताना पातळ कड वितळू शकते.

कडापारखी

उष्णोपचाराचं राहिलं. ओतल्यावर बटणाची लाली जाताच रिंग पाण्यात टाकली की इन्व्हेस्टमेंट फुटून निघते आणि सोनं मऊ राहतं. कडा घासायला, जुळवायला हीच अवस्था हवी. मुद्दाम मऊ करायचं असेल तर ७०० अंशांना दहा मिनिटं ठेवून पाण्यात बुडवा. कडक करायचं असेल तर आधी मऊ करून मग २०० ते ४५० अंशांच्या दरम्यान, मिश्रधातूनुसार, १५ ते ३० मिनिटं ठेवा. या तापमानाला सोनं आणि तांब्याचे अणू ठरावीक मांडणीत बसतात आणि धातू ताठर होतो. टाइप १ आणि २ मध्ये तांबं तेवढं नसतं, त्यामुळे त्यांच्यावर याचा उपयोग नाही. क्रम महत्त्वाचा: आधी कड जुळवा, मग कडक करा. लांब ब्रिजला हा टप्पा लागतोच, एकट्या कॅपला बहुधा नाही.

पितळी_तराजू

मी दंतवैद्य नाही. दागिन्याचं २२ कॅरेट सोनं वितळवून त्याचीच कॅप करून घेता येते का?

दंतशिल्प

नको. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, दाढेसाठी ते फार मऊ. पॅलेडियम, इरिडियम नसल्याने कण मोठे आणि ताकद कमी. सगळ्यात गंभीर गोष्ट सांध्यांची. दागिन्यांच्या झाळणीत कॅडमियम असू शकतं, आणि ते तोंडात किंवा वितळवताना धुरातून कुठेच जाता कामा नये. दंतकामासाठी तयार मिश्रधातू पाकिटासह, बॅच नंबरसह येतो. तो नंबर तुमच्या नोंदीत लिहून घ्या. पुढे कधी ॲलर्जीची शंका आली तर तोंडात नेमकं काय आहे ते कळेल.

सुरकांड

चिनीमाती चढवायची असेल तर टाइप ३ चालेल का?

ओतारी

अजिबात नाही. टाइप ३ चिनीमातीच्या भाजणीतच वाकेल किंवा वितळायला लागेल, शिवाय तांबं आणि चांदी चिनीमातीला हिरवट छटा देतात. त्यासाठी सोनं-प्लॅटिनम-पॅलेडियम किंवा सोनं-पॅलेडियम हे उच्च द्रवणाचे मिश्रधातू वेगळे असतात. त्यांत लोह, इंडियम, कथील थोडं घातलेलं असतं. भाजताना त्यांचा ऑक्साइडचा थर पृष्ठभागावर येतो आणि चिनीमाती त्यालाच धरते. शुद्ध सोन्याला ती धरत नाही. प्रसरणाचा मेळ बसला पाहिजे: धातूचा गुणांक चिनीमातीपेक्षा किंचित जास्त, फरक दर अंशाला दशलक्षात ०.५ च्या आसपास. फरक मोठा झाला तर तडे जातात. जिप्समची इन्व्हेस्टमेंट इथे चालत नाही, फॉस्फेटची लागते, आणि ज्योतीला ऑक्सिजन. सांगाडा पातळ करण्याचा मोह टाळा, ०.३ ते ०.५ मिमी हवाच. लांब ब्रिज भाजणीत स्वतःच्या वजनाने लवतो.

कडापारखी

सोन्याच्या वर्खाचाही उल्लेख हवा. इथे ओतकाम नाही, शुद्ध सोनं थंड अवस्थेतच एकमेकांत दाबून जोडलं जातं. १८५५ मध्ये रॉबर्ट आर्थरने हा चिकटणारा वर्ख मांडला, ओतीव इनलेची पद्धत विल्यम टॅगार्टने १९०७ मध्ये. वर्ख साठवताना पृष्ठभागावर अमोनिया बसवतात म्हणजे तो आपोआप चिकटत नाही. वापरण्याआधी अल्कोहोलच्या स्वच्छ ज्योतीवर तापवला की अमोनिया उडतो. तापवणं कमी पडलं तर थर सुटतात, जास्त झालं तर कडक होऊन दबत नाही. अर्धा ते एक मिमी टोकाच्या कंडेन्सरने (दाबायच्या अवजाराने), प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यावर निम्मा येईल अशा बेताने दाबत जायचं. ओलावा शिरला की काम गेलं, म्हणून रबर डॅमशिवाय (दात कोरडा ठेवणाऱ्या रबरी पडद्याशिवाय) सुरूच करू नये. लहान खड्डे आणि हिरडीजवळचे छोटे भाग एवढ्यासाठीच हे काम. वेळ भरपूर लागतो, पण नीट केलेला वर्ख फार टिकतो.

दंतशिल्प

शेवटी बसवण्याचं. बसवण्याआधी कॅपवर आतून ५० मायक्रॉन ॲल्युमिनाच्या पुडीचा झोत मारा. डाय स्पेसर (सिमेंटला जागा राहावी म्हणून डायवर दिलेला थर) कडेच्या अर्धा ते एक मिमी आधी थांबलेला हवा, नाहीतर कडेलाच फट राहते. झिंक फॉस्फेट सिमेंट वापरत असाल तर थंड काचेवर, पावडर थोडी थोडी घालत, रुंद पसरून दीड मिनिट कालवा. एकदम पावडर ओतली तर उष्णतेने लवकर घट्ट होतं आणि कॅप उंच राहते. सिमेंट आतल्या भिंतींना पातळ लावा, कॅप भरू नका. दाब कायम ठेवून बर्निशर धातूकडून दाताकडे फिरवा. पॉलिशची डिस्कही याच दिशेने. उलट फिरवली तर कड उचलली जाते आणि फट तिथून सुरू होते.

आणि शेजारी किंवा समोर नवं अमाल्गम (पारा-चांदीचं भरण) भरायचं असेल तर सोन्याला ते ओलं असताना लागू देऊ नका. पारा सोन्यावर पांढरा डाग पाडतो. शिवाय दोन वेगळे धातू लाळेत एकमेकांना टेकले की झटक्यासारखी कळ येऊ शकते. त्या दाढेत अमाल्गमऐवजी दुसरं काही भरा.